डेव्ही हवा होता, समोर आला हेंड्रिक्स : १९६७ च्या एका दौऱ्याचा प्रकरण अभ्यास

मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्या बँडचा विषय निघाला की लोक त्या बँडबद्दल हळहळतात. बिचाऱ्यांना कुणी ऐकलंच नाही, म्हणतात. मला ऐकणाऱ्याची बाजू जास्त विचार करण्यासारखी वाटते. पैसे मोजून तिकीट काढलंय, जागा मिळाली आहे, कान शाबूत आहेत, तरी समोर वाजणारं संगीत त्याच्यापर्यंत पोचत नाही. असं का होतं? जुलै १९६७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका दौऱ्यावरून हे जितकं स्पष्ट कळतं तितकं दुसऱ्या कशावरून कळत नाही. त्या दौऱ्यात मुख्य बँड होता द मंकीज आणि त्यांच्या आधी वाजवत होता रॉकमधला थोर गिटारवादक मानला जाणारा जिमी हेंड्रिक्स. कलाकारच कमी पडला असं म्हणून इथे सुटका करून घेता येत नाही. त्यामुळे दोष शोधायचा तर कार्यक्रमाच्या मांडणीत शोधावा लागतो.

कोण कुठे होतं

मंकीज ही दूरचित्रवाणीनं जमवलेली चौकडी. मिकी डोलेन्झ, डेव्ही जोन्स, पीटर टॉर्क आणि मायकेल नेस्मिथ यांची निवड एका विनोदी मालिकेसाठी झाली होती. १२ सप्टेंबर १९६६ ला एनबीसी वाहिनीवर मालिका सुरू झाली आणि दर सोमवारी संध्याकाळी शाळकरी मुलं-मुली टीव्हीसमोर बसायला लागली. गाणी मालिकेत वाजायची, रेडिओवर वाजायची, घरच्या रेकॉर्ड प्लेअरवर झिजेपर्यंत वाजायची. त्यामुळे कार्यक्रमाला येणाऱ्या मुलीला गाणी तोंडपाठ आणि चौघांचे चेहरे घरच्यांइतके ओळखीचे. त्यातही इंग्लंडहून आलेला, चणीनं लहान आणि देखणा डेव्ही अनेकींचा लाडका.

चौघांच्या मनात मात्र एक सल होता. पहिल्या दोन अल्बममध्ये वाद्यं बहुतांशी स्टुडिओतल्या पगारी वादकांनी वाजवली होती आणि हे बाहेर आल्यावर बरीच टीका झाली. १९६७ च्या सुरुवातीला त्यांनी संगीताची सूत्रं हातात ठेवून असलेल्या डॉन कर्शनरशी भांडण काढलं, आपली वाद्यं आपण वाजवण्याचा हक्क मिळवला आणि मे महिन्यात ‘हेडक्वार्टर्स’ हा अल्बम स्वतः वाजवून काढला. अशा वेळी आपल्याबरोबर एखादा अस्सल वादक असावा असं त्यांना वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. हे आवर्जून सांगतो, कारण या प्रकरणात मंकीजना हसण्यावारी नेण्याची पद्धत पडली आहे आणि ती अन्यायाची आहे. त्या दौऱ्यात हेंड्रिक्सची किंमत ज्यांना सगळ्यांत आधी कळली होती, ते हेच चौघं.

हेंड्रिक्स तेव्हा २४ वर्षांचा. सिएटलमध्ये वाढलेला. लिटल रिचर्ड, आयझली ब्रदर्स अशांच्या मागे उभं राहून त्यानं बरीच वर्षं गिटार वाजवली होती. सप्टेंबर १९६६ मध्ये द अॅनिमल्स या ब्रिटिश बँडचा बासवादक चास चँडलर त्याला लंडनला घेऊन गेला. तिथे बासवर नोएल रेडिंग आणि ड्रम्सवर मिच मिचेल असे दोन गोरे इंग्लिश साथीदार मिळाले आणि काही महिन्यांत तिघांनी लंडन डोक्यावर घेतलं. ‘आर यू एक्स्पीरियन्स्ड’ हा त्यांचा पहिला अल्बम मे १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये निघाला. अमेरिकेत तो आला २३ ऑगस्टला. दौऱ्यात हेंड्रिक्सचा पहिला कार्यक्रम ८ जुलैचा. म्हणजे समोर बसलेल्या मुलांनी त्याचा अल्बम ऐकलेला असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांच्या गावच्या दुकानात तो आलाच नव्हता. या दोन तारखांमधल्या दीड महिन्यात या प्रकरणाचं अर्धं उत्तर आहे.

मॉन्टेरे आणि नंतरचा करार

१८ जून १९६७ ला कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे पॉप महोत्सवात हेंड्रिक्सनं गिटार पेटवली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी पडद्यामागे काय झालं ते आपल्या विषयाला जास्त लागू आहे. त्या रात्री द हू हा ब्रिटिश बँड आणि हेंड्रिक्स या दोघांनाही एकमेकांच्या नंतर वाजवायचं नव्हतं. वाद्यं फोडणाऱ्या बँडनंतर येऊन काय करायचं, हा दोघांचाही प्रश्न. शेवटी नाणं उडवून क्रम ठरला. द हू आधी वाजवून गेले, आणि हेंड्रिक्सनं मग त्यांच्यावर ताण करायचं ठरवून गिटारला काडी लावली. कुणी कुणाच्या आधी यायचं हा कलाकारांसाठी किती जिवाभावाचा मामला असतो ते यावरून दिसतं. आणखी एक गोष्ट. त्या रात्री अमेरिकन प्रेक्षकांना हेंड्रिक्सची ओळख करून द्यायला स्वतः रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स मंचावर आला होता. लोकांच्या ओळखीच्या माणसानं अनोळखी माणसाचा हात धरून त्याला पुढे आणलं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

डोलेन्झ आणि टॉर्क दोघंही मॉन्टेरेला हजर होते. डोलेन्झनं आपल्या लोकांकडे हट्ट धरला की हाच माणूस आपल्या दौऱ्यात हवा. हेंड्रिक्सच्या बाजूनं व्यवहार पाहणाऱ्या माइक जेफरीला यात अमेरिकाभर फुकट प्रसिद्धी दिसली. त्यानं होकार देऊन टाकला. चँडलरला हे मुळीच पसंत नव्हतं. खुद्द हेंड्रिक्सनं त्याआधी ब्रिटिश संगीत साप्ताहिकात मंकीजबद्दल चांगलेच तिखट उद्गार काढले होते. तरीही करार झाला.

जेफरीचं गणित वरवर पाहता चूक नव्हतं. हजारो लोक आयते बसलेले असणार, त्यांच्यासमोर जायला काय हरकत? त्याच्या हिशेबात एकच गोष्ट आली नाही. लोक बसलेले असणं आणि ऐकायला बसलेले असणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत.

प्रत्यक्षात काय झालं

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलपासून हेंड्रिक्स दौऱ्यात सामील झाला. पुढे मायामी, मग नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट आणि ग्रीन्सबरो. हा सगळा दक्षिणेचा पट्टा. वंशभेदाला कायद्यानं बंदी घालणारा १९६४ चा कायदा होऊन तीनच वर्षं झालेली. दोन गोऱ्या पोरांच्या मधोमध उभा असलेला, पिंजारलेल्या केसांचा, भडक कपड्यांतला कृष्णवर्णीय गायक त्या सभागृहांतल्या आईबापांनी याआधी कुठे पाहिला असेल? आणि आईबाप होतेच तिथे. दहा-बारा वर्षांच्या मुली कार्यक्रमाला एकट्या येत नाहीत.

तिघं मंचावर यायचे, अॅम्प्लिफायर सुरू व्हायचे आणि काही क्षणांत समोरून एकसुरात ओरडा सुरू व्हायचा: आम्हाला डेव्ही हवाय! ‘फॉक्सी लेडी’ या गाण्यात ‘फॉक्सी’ हा शब्द हाकेसारखा येतो. हेंड्रिक्स तो म्हणायचा आणि खालून मुली उत्तर द्यायच्या, ‘डेव्ही!’ दौऱ्यातल्या लोकांनी पुढे सांगितलेली ही आठवण वाचून मला कधी हसू आलेलं नाही. त्या मुली खोडसाळपणा करत नव्हत्या. हाक आली की ओ द्यायची, हे त्यांना बरोबर कळलं होतं. फक्त त्यांच्याकडे एकच नाव होतं.

मंकीज स्वतः मात्र कडेला उभं राहून रोज ऐकत होते. डोलेन्झनं नंतर अनेकदा सांगितलंय की हा सगळा प्रकार पाहून त्याला ओशाळल्यासारखं व्हायचं. अख्ख्या सभागृहात हेंड्रिक्सला मनापासून ऐकणारी जी मोजकी माणसं होती त्यांतली चार मंचाच्या कडेला, पडद्याआड उभी होती.

१४ ते १६ जुलै असे तीन दिवस न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स टेनिस स्टेडियमवर कार्यक्रम झाले. हेंड्रिक्सचा संयम तिथे संपला. सामोपचारानं बोलणी झाली, त्याला करारातून मोकळं केलं गेलं आणि मंकीजचा दौरा त्याच्याशिवाय पुढे चालू राहिला. सगळं प्रकरण जेमतेम आठवड्याभराचं.

ऐकू का आलं नाही

‘प्रेक्षक चुकीचा होता’ असं एका वाक्यात निकालात काढणं मला पटत नाही. त्या मुलीच्या जागी बसून पाहू या.

अनोळखी गाणं ऐकताना आपण आधाराला काहीतरी शोधत असतो. धृपद कुठे येतंय, टाळी कुठे द्यायची, गाणं संपत आलंय की नाही. मंकीजची गाणी अडीच-तीन मिनिटांत आटोपशीर संपणारी. हेंड्रिक्सच्या वादनात गिटार मध्येच ओरडायला लागते, सूर लांबत जातो, स्पीकरमधून घुमणारा आवाज तो मुद्दाम पकडून वळवतो. आज आपल्याला ते फीडबॅकचं कसब म्हणून ठाऊक आहे. १९६७ मध्ये ज्या कानांवर ते पहिल्यांदा पडलं, त्यांना यंत्र बिघडलंय असंच वाटलं असणार. अल्बम आधी बाजारात आला असता, रेडिओवर दोन-चार वेळा कानावरून गेला असता, तर निदान हा आवाज मुद्दाम काढलाय एवढं तरी कळलं असतं.

त्यात त्या काळची ध्वनियंत्रणा. मोठ्या सभागृहांत आणि मैदानांवर गिटारचा आवाज थेट मंचावरच्या अॅम्प्लिफायरमधून लोकांपर्यंत जायचा आणि गायकाचा आवाज तिथल्या साध्या लाउडस्पीकरवर. किंकाळ्यांच्या कल्लोळात शब्द कळायची आशा नव्हती. बीटल्सना १९६५ मध्ये शे स्टेडियमवर हाच अनुभव आला होता आणि ऑगस्ट १९६६ नंतर त्यांनी दौरे करणंच थांबवलं. पण बीटल्सचे किंवा मंकीजचे शब्द ऐकू आले नाहीत तरी बिघडत नव्हतं, कारण ते पाठ होते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात रेकॉर्ड वाजतच असायची. हेंड्रिक्सचं डोक्यात काहीच वाजत नव्हतं. जे काही पोचणार ते त्या फाटक्या ध्वनियंत्रणेतूनच. नव्या बँडला ऐकणाऱ्याची ही अडचण आजही तशीच आहे: ज्याला स्वच्छ आवाजाची सगळ्यांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला सगळ्यांत घाईचं साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी, येतं.

आणि तिसरी गोष्ट वाट पाहण्याची. महिनोन्महिने साठवलेली उत्कंठा घेऊन आलेली मुलगी आता डेव्हीपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहे. मध्ये जो कोणी उभा आहे, तो तिच्या लेखी उशीर आहे. तो जितका चांगला वाजवेल तितकं लांबणार. ही स्थिती फार वाईट, कारण यात कलाकाराचा गुणच त्याच्या विरोधात जातो.

त्याच फॉरेस्ट हिल्स स्टेडियमवर दोन वर्षांपूर्वी, २८ ऑगस्ट १९६५ ला, बॉब डिलनचा कार्यक्रम झाला होता. पूर्वार्धात तो एकटा साधी गिटार घेऊन गायला, लोकांनी शांतपणे ऐकलं. उत्तरार्धात इलेक्ट्रिक बँड घेऊन आला आणि त्याच लोकांनी आरडाओरडा करून हुर्यो उडवली. कलाकार तोच, श्रोते तेच, रात्र तीच. तिकीट काढताना मनात जे ठरवलेलं असतं त्याच्या बाहेरचं ऐकणं, आवडत्या माणसाकडून आलं तरी, इतकं जड जातं. मग अनोळखी माणसाकडून आलेलं दहा वर्षांच्या मुलीनं झेलावं, ही अपेक्षा कुठल्या न्यायाची?

जिथे हे जमलं

मॉन्टेरेनंतर लगेच, जूनच्या उत्तरार्धात, हेंड्रिक्स सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर या सभागृहात वाजवत होता. तिथेही जाहिरातीत मोठं नाव दुसऱ्या बँडचं, जेफरसन एअरप्लेनचं होतं. तिथे मात्र त्याला डोक्यावर घेतलं गेलं. फिलमोर चालवणारा बिल ग्रॅहम वेगवेगळ्या जातकुळीचे कलाकार जाणूनबुजून एकाच रात्री एकत्र आणायचा. रॉकच्या पोरांसमोर ब्लूज, जॅझ, सोल असं काहीही. पुढे एप्रिल १९७० मध्ये तर त्यानं ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या आधी जॅझवादक माइल्स डेव्हिसला वाजवायला लावलं. ग्रॅहमच्या दारात येणाऱ्याला हळूहळू सवय लागली होती की आधीचा कलाकार चुकवायचा नसतो. ही सवय त्यानं आठवड्यामागून आठवडे खपून लावली. मंकीजच्या दौऱ्यात ती एका रात्रीत लागणं शक्य नव्हतं.

आपल्याकडे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात नवे गायक-वादक आधी आणि बुजुर्ग शेवटी, हा क्रम लोकांनी मनापासून स्वीकारलेला आहे. पंडित भीमसेन जोशी हयात होते तेव्हा सांगता त्यांच्या गाण्यानं व्हायची. दुपारच्या पहिल्या कलाकाराच्या वेळी मंडप भरत असतो, लोक जागा धरत असतात, खाण्याच्या स्टॉलवर गर्दी असते, हेही खरंच. पण बसलेला श्रोता नवख्याला ‘हे कधी उठणार’ म्हणून ऐकत नाही. आज आपण याला पहिल्यांदा ऐकलं, पुढे सांगता येईल, असं काहीसं त्याच्या मनात असतं. नवा कलाकार निवडणाऱ्यावर त्याचा विश्वास असतो. त्या विश्वासाला मी आवाज आणि प्रकाशाइतकंच महत्त्व देतो.

मोठ्या स्टेडियममध्ये हा विश्वास पातळ होतो. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेच्या आधी जसलीन रॉयल गायली आणि लगेच समाजमाध्यमांवर तिच्या गाण्याची चिरफाड सुरू झाली. तिकिटासाठी ऑनलाइन रांगेत तास घालवून आलेल्या गर्दीसमोर उभं राहणं म्हणजे काय, याचा विचार करणारे आवाज त्या गदारोळात फार थोडे होते. गाणं आवडलं नाही तर तसं म्हणावंच. पण मोबाइलवरच्या काही सेकंदांच्या तुकड्यावरून निकाल द्यायचा असेल, तर ऐकायला गेलो होतो असं म्हणू नये.

एक बनावट बातमी

हेंड्रिक्सच्या जाण्याचं खरं कारण इतकं साधं होतं की ते वर्तमानपत्रांत छापून आणण्यासारखं नव्हतं. मग लिलियन रॉक्सन या न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या ऑस्ट्रेलियन पत्रकार बाईंनी एक गोष्ट रचली: ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ या सनातनी महिला संघटनेनं हेंड्रिक्सच्या अश्लील हावभावांवर आक्षेप घेतला, म्हणून त्याला काढावं लागलं. लोकांनी ती खरी मानली. मानण्याजोगीही होती, कारण याच संघटनेनं १९३९ मध्ये मॅरियन अँडरसन या थोर कृष्णवर्णीय गायिकेला वॉशिंग्टनचा आपला हॉल गाण्यासाठी नाकारला होता. हेंड्रिक्सला या बातमीचा फायदाच झाला. पण त्यामुळे मूळ प्रश्न कित्येक वर्षं झाकला गेला. कुणा कर्मठ बायकांनी त्याला घालवलं असं एकदा ठरलं की कार्यक्रमाची मांडणी तपासायची गरज उरत नाही.

काय करता आलं असतं

दौरा दीड-दोन महिने पुढे ढकलून अल्बमच्या नंतर हेंड्रिक्सला घेणं हा एक मार्ग होता, पण मंकीजची तारीख त्याच्यासाठी कोण बदलणार. दुसरा मार्ग कुणालाही परवडणारा होता आणि तो मॉन्टेरेला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वापरला गेला होता. ब्रायन जोन्सनं जे केलं ते इथे डेव्ही जोन्सकडून दर रात्री करून घ्यायचं. डेव्ही आधी दोन मिनिटं मंचावर आला असता, मुलींनी त्याला डोळे भरून पाहिला असता आणि त्याच्या तोंडून ऐकलं असतं की हा आमचा मित्र, आम्ही रोज याला ऐकतो, तुम्हीही ऐका. किंकाळ्या थांबल्या असत्या असं मी म्हणणार नाही. पण पुढे वाजणारा माणूस डेव्हीच्या वाटेतला अडथळा न राहता डेव्हीनं बोलावलेला पाहुणा झाला असता. ज्या मुली डेव्हीसाठी घसा फोडत होत्या, त्यांनी त्याच्या शब्दाखातर दोन गाणी नक्की ऐकली असती.

श्रोत्याच्या हातातही थोडं असतं. आधी कोण वाजवणार हे तिकिटावर किंवा जाहिरातीत पाहून त्यांची दोन गाणी घरी ऐकून जाणं, एवढ्यानंही समोरचा गोंगाट गाणं वाटायला लागतं. आज ते दोन मिनिटांचं काम आहे. १९६७ च्या त्या मुलींना ती सोयच नव्हती, आणि म्हणून त्यांना दोष द्यायला मी तयार नाही.

हेंड्रिक्स न्यूयॉर्कमध्येच राहिला आणि त्याच महिन्यात तिथल्या स्टुडिओत कामाला लागला. ऑगस्टमध्ये अल्बम आला आणि अमेरिकेच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला. १९६८ च्या अमेरिका दौऱ्यात जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नाव त्याचं होतं आणि त्याच्या आधी वाजवत होता इंग्लंडमधल्या कँटरबरीचा सॉफ्ट मशीन हा बँड. गिटारऐवजी ऑर्गनचा कल्लोळ, एकातून एक निघणारे लांबलचक तुकडे, ऐकायला चांगलंच अवघड संगीत. हेंड्रिक्ससाठी आलेला श्रोता मात्र वेडंवाकडं ऐकायची तयारी करूनच आलेला होता. त्या दौऱ्यातून सवड काढून एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला सॉफ्ट मशीननं आपला पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्याच्या दोन निर्मात्यांपैकी एक होता चास चँडलर.